पीप साइटच्या रायफलला माशी कोणती बसवावी? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझी शेती यावल तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याला आहे. रानडुकरे केळी आणि मक्याची नासाडी करतात. वनखात्याची लेखी परवानगी हातात पडल्याखेरीज मी बंदूक बाहेर काढत नाही. वडिलांच्या पश्चात रीतसर परवान्यासह माझ्याकडे आलेली ०.३१५ बोअरची रायफल आहे. मागची उघडी साइट काढून तिथे परवानाधारक कारागिराकडून पीप साइट, म्हणजे लहान गोल भोकातून नेम धरायची साइट, बसवून घेतली, पण पुढे नळीच्या टोकावर माशी (पुढची साइट) म्हणून मूळचे बारीक काळे पातेच आहे आणि दिवस कलला की ते दिसेनासे होते. गोल मणी घ्यावा, चौकोनी पाते घ्यावे की फायबर ऑप्टिक?

उत्तर : आपण परवानगीचा उल्लेख स्वतःहून केला, हे बरे झाले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी असल्यामुळे पिकांच्या संरक्षणासाठी मिळालेली अशी परवानगी आणि मान्यताप्राप्त रेंजवरचा सराव एवढ्याच मर्यादेत हे उत्तर वाचावे. माशी बदलण्याचे कामही शस्त्र परवाना असलेल्या कारागिराकडूनच करून घ्यावे.

आता मूळ मुद्दा. पीप साइटमधून पाहताना भोकाच्या कडा धूसर दिसतात आणि डोळा माशीचे टोक आपोआप भोकाच्या मध्यभागी आणतो. खाचेच्या उघड्या साइटमध्ये खाच, माशी आणि लक्ष्य अशा तीन अंतरांवरच्या वस्तू एकाच वेळी सांभाळाव्या लागत, तिथे आता माशी आणि लक्ष्य अशा दोनच उरतात. म्हणून मागच्या भोकाची चिंता कमी आणि माशीची जास्त करावी, कारण नजर जिच्यावर रोखायची ती वस्तू माशीच आहे. अनेकजण नेमके उलट करतात. ते मागे बारीकात बारीक भोकाची चकती लावतात आणि अंधारून आले की रायफलला दोष देतात. आपल्या पीपची चकती आट्यांची असेल, तर संध्याकाळी ती काढून मोठ्या कड्यातूनच नेम धरावा. पन्नास-साठ मीटरवर त्याने नेमबाजीत फारसा फरक पडत नाही, उजेड मात्र पुष्कळ मिळतो.

माशी निवडताना आधी रुंदी ठरवावी. आपल्या डोळ्यापासून माशीपर्यंतचे अंतर सुमारे ८० सेंटिमीटर धरले, तर १.६ मिलिमीटर रुंदीची माशी ५० मीटरवर १० सेंटिमीटर आणि १०० मीटरवर २० सेंटिमीटर जागा झाकते, २.४ मिलिमीटरची माशी त्याच अंतरांवर अनुक्रमे १५ आणि ३० सेंटिमीटर झाकते. कागदी लक्ष्यावर बारीक पाते मोहात पाडते, पण केळीच्या बागेच्या कडेला, क्षणभर थांबून पुन्हा हलणाऱ्या जनावरावर ते डोळ्याला वेळेवर सापडतच नाही. आपले अंतर ५० मीटरच्या आसपासचे असणार, असे गृहीत धरून मी २ ते २.४ मिलिमीटर रुंदी सुचवीन.

आकाराच्या बाबतीत माझा कल स्पष्टपणे चौकोनी, सपाट माथ्याच्या पात्याकडे आहे. गोल मणी नजरेला पटकन भरतो, हे खरे. पण त्यात दोन उणिवा आहेत. पहिली अशी की, नेम मण्याच्या मध्याने धरायचा म्हटला, तर जिथे गोळी लागायला हवी तीच जागा मण्याखाली झाकली जाते. सपाट पात्याची वरची कड हाच नेम धरून रायफल झिरो केली, म्हणजे नेम तिथेच गोळी लागेल अशी साइट जुळवली, की कडेच्या वरचा सगळा भाग उघडा राहतो. दुसरी उणीव उन्हाची आहे. पितळी किंवा सोनेरी गोल मण्यावर डावीकडून ऊन पडले, की त्याची डावी बाजूच चमकते, डोळा त्या चमकेलाच मण्याचा मध्य समजतो आणि गोळी उजवीकडे, म्हणजे उजेडाच्या विरुद्ध बाजूला जाते. खानदेशातल्या सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात ही चूक सहज घडते आणि दोष बिचाऱ्या नळीला दिला जातो. मणीच हवा असेल, तर ज्याचा डोळ्याकडचा भाग गोल नसून सपाट आहे असा घ्यावा. त्याने ही चूक बरीच कमी होते.

रंग पार्श्वभूमी पाहून ठरवावा. रानडुक्कर काळपट, केळीखालची सावली काळी आणि आपले पातेही काळे, म्हणून ते हरवते. पात्याच्या डोळ्याकडील सपाट बाजूवर पांढरा किंवा हस्तिदंती रंगाचा तुकडा जडवलेला असेल, तर ते मावळत्या उजेडातही उठून दिसते. पितळेचाही उपयोग होतो, पण पांढऱ्याइतका नाही. नवी माशी विकत घेण्याआधी आहे त्याच पात्याच्या त्या बाजूला चमक नसलेल्या पांढऱ्या रंगाचा पातळ हात देऊन दोन-चार संध्याकाळी रिकाम्या रायफलने नुसते पाहून घ्यावे. कदाचित त्यातच आपला प्रश्न सुटेल. उलट भर दुपारी रेंजवर पांढऱ्या कागदावर सराव करताना काळे पातेच उत्तम, आणि त्यासाठी नेमबाजांची जुनी युक्ती आहे : देवघरातल्या कापराची काजळी पात्यावर धरायची. ती चमक पूर्ण मारते आणि काम झाल्यावर फडक्याने पुसून निघते.

फायबर ऑप्टिकविषयी माझे मत सावध आहे. त्या माशीतली बारीक पारदर्शक दांडी बाहेरचा उजेड गोळा करून टोकाशी सोडते. त्यामुळे भर उन्हात तिचा ठिपका प्रमाणाबाहेर मोठा व फुललेला दिसतो, पूर्ण अंधारात ती काहीच दाखवत नाही, आणि रायफल फांदीत अडकली की दांडी तुटते. त्याहून मोठा धोका मधल्या धूसर वेळेचा आहे. तेव्हा ठिपका ठळक दिसत असतो, पण जनावर नीट दिसत नसते. आपल्याकडे शेतीची वीज अनेकदा रात्री मिळत असल्याने माणसे अंधारात पाणी भरायला मळ्यात जातात. माशी दिसते म्हणजे लक्ष्य ओळखले, असे होत नाही. जनावर ओळखू येत नाही त्या उजेडात चापाला हातच लावू नये.

प्रश्न : पीप साइट बसवल्यापासून माझ्या रायफलच्या गोळ्या ५० मीटरवर नेमाच्या १४ सेंटिमीटर वर लागतात. पीप शेवटपर्यंत खाली केली आहे. काय करावे? (एक वाचक, शहादा)

उत्तर : माशी उंच करावी. आपली पीप जुन्या खाचेपेक्षा उंच बसली आहे, माशी मात्र जुन्याच उंचीची राहिली आहे. म्हणून नळीचे तोंड वर उचलले जाते. मागची साइट गोळीला जिकडे न्यायचे तिकडे सरकवतात, माशी मात्र गोळी जिकडे जात आहे तिकडेच सरकवायची. गोळी वर जाते तर माशी वर, उजवीकडे जाते तर माशी उजवीकडे.

किती वर, हे अंदाजाने ठरवू नये. पीपपासून माशीपर्यंतचे अंतर मोजावे, गोळी नेमापासून जितकी चुकते त्या अंतराने त्याला गुणावे आणि लक्ष्यापर्यंतच्या अंतराने भागावे. तिन्ही मापे एकाच एककात घ्यावीत. पीप ते माशी ७० सेंटिमीटर असेल, तर १४ गुणिले ७० भागिले ५,००० म्हणजे ०.१९६ सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ २ मिलिमीटर. नवी माशी मात्र जुनीपेक्षा २ ऐवजी अडीच मिलिमीटर जास्त उंच घ्यावी, कारण कानस लावून पाते कमी करता येते, वाढवता येत नाही. कारागिराने रेंजवर थोडे घासावे, आपण तीन गोळ्यांचा गट पाहावा आणि पुन्हा घासावे. पहिल्या एकाच गोळीवर विसंबून कानस चालवू देऊ नये.

सैन्यातल्या ली-एनफिल्ड रायफलींना याच कारणाने ०.०१५ इंचाच्या फरकाने वेगवेगळ्या उंचीची पाती मिळत असत आणि प्रत्येक रायफलला जुळणारे पाते बसवले जाई. आपल्या रायफलची माशी तशाच धाटणीची असेल, तर वेगळ्या उंचीचे पाते मिळवून घासण्याचे काम बरेच वाचेल.

प्रश्न : वय ५४. लांबचे चांगले दिसते, पण माशी धूसर दिसते. जाड माशी लावू का? (एक वाचक, अमळनेर)

उत्तर : जाड माशीने थोडी मदत होईल, पण आधी चष्म्याचा विचार करावा. वाचनाचा चष्मा त्यासाठी जास्त नंबरचा होतो आणि त्याने लक्ष्यच नाहीसे होते. नेत्रतज्ज्ञांना माशीचे अंतर प्रत्यक्ष मोजून सांगावे आणि दूरच्या नंबरात सुमारे ०.५ डायॉप्टरची भर घातलेली एक वेगळी काच मागावी. बायफोकल इथे निरुपयोगी आहे, कारण दस्त्यावर गाल टेकवून डोके पुढे झुकले की नजर काचेच्या वरच्या भागातून जाते आणि जवळचा नंबर खालच्या भागात असतो. मागच्या पीपला थोड्या लहान भोकाची चकती दिवसा लावून पाहावी; तिच्यामुळे माशी आणि लक्ष्य दोन्ही अधिक स्पष्ट होतात, फक्त उजेड भरपूर हवा.