स्टोरेज हीटर बदलण्याआधी एक रात्र मीटर वाचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इंग्लंडमधल्या रेडिंगमध्ये दोन बेडरूमचा लीजहोल्ड (जमीन-इमारत दुसऱ्याच्या मालकीची, आपला हक्क ठरावीक मुदतीचा) फ्लॅट, इमारतीत गॅस नाही. तीन जुने नाइट स्टोरेज हीटर (रात्रीच्या स्वस्त विजेवर उष्णता साठवून दिवसा सोडणारे) आहेत, हॉलमध्ये ३.४ किलोवॅटचा, मोठ्या बेडरूममध्ये २.५५ चा आणि पॅसेजमध्ये १.७ चा. संध्याकाळी सातला हॉल गार पडतो आणि फॅन हीटर काढावा लागतो. एका विक्रेत्याने तिन्ही काढून ‘स्मार्ट’ इलेक्ट्रिक रेडिएटर बसवायचे ५,२०० पौंड सांगितलेत. रोख द्यायचे नसतील तर ११.९ टक्के एपीआरने (कर्जाचा वार्षिक दर) पाच वर्षांचे हप्ते. कॅश आयसामध्ये (करमुक्त बचत खात्यात) ६,००० पौंड आहेत, आणि चार-पाच वर्षांनी हा फ्लॅट भाड्याने द्यायचा विचार आहे. आयसा मोडावा की हप्ते घ्यावेत, असं तुम्ही विचारलंय.

दोन्ही नको. हे रेडिएटरच घेऊ नका.

विक्रेता म्हणतो त्याप्रमाणे नवे रेडिएटर १०० टक्के कार्यक्षम आहेत, हे खरंच आहे. पण तुमचे जुने हीटरही तेवढेच कार्यक्षम आहेत. विजेचा कुठलाही साधा हीटर एका युनिटची एक युनिट उष्णता करतो; दहा पौंडांचा फॅन हीटरसुद्धा. फरक पडतो तो वीज कोणत्या वेळी घेतली यामुळे. तुमचा इकॉनॉमी ७ चा (रात्री स्वस्त, दिवसा महाग अशा दुहेरी वीजयोजनेचा) दर रात्रीच्या सात तासांना १४ पेन्स आणि दिवसा ३१ पेन्स आहे. स्टोरेज हीटर स्वस्त तासांत आतल्या विटा तापवून ठेवतो. रेडिएटरला साठवण नाही, त्यामुळे तो लागेल तेव्हा महाग वीज घेणार. म्हणूनच विक्रेता तुम्हाला २६ पेन्सच्या एकाच दरावर जायला सांगतोय.

आता तुमच्या बिलातले आकडे घेऊ. वर्षाला रात्रीची ४,९०० युनिटं, दिवसाची २,६००. रात्रीतली ९०० पाणी तापवायला जातात, म्हणजे हीटरना ४,०००. दिवसातली सुमारे ९०० तो संध्याकाळचा फॅन हीटर खातो. घर गरम ठेवायला आज ५६० अधिक २७९, म्हणजे ८३९ पौंड लागतात. नव्या थर्मोस्टॅटमुळे १५ टक्के उष्णता वाचेल असं उदारपणे धरलं, तरी ४,१६५ युनिटं २६ पेन्सने १,०८३ पौंड होतात. गरम पाणी १०८ ने महागेल, दिवसाची बाकी वीज ८५ ने स्वस्त होईल. एकूण वर्षाला २६७ पौंड जास्त. म्हणजे ५,२०० पौंड मोजून बिल वाढवून घ्यायचं! हप्त्यांनी घेतलं तर महिना साधारण ११४ प्रमाणे पाच वर्षांत सुमारे ६,८३० जातील.

दर बदलत राहतात, म्हणून हिशोबाची रीत लक्षात ठेवा. तुमच्या या तीन दरांना रात्रीचा वापर एकूण वापराच्या २९ टक्क्यांच्या वर असेल तर इकॉनॉमी ७ परवडतं. तुमचा ६५ टक्के आहे.

मग हॉल सातला गार का पडतो? ३.४ किलोवॅटच्या जुन्या हीटरमध्ये बहुधा ८५० वॅटची चार एलिमेंट असतात. त्यातलं एक जळालं तरी हीटर सकाळी गरमच लागतो, त्यामुळे कुणाला पत्ता लागत नाही. साठा मात्र पाव भागाने घटतो आणि दुपारनंतर दम तुटतो. हे तपासायला एक पैसा लागत नाही. थंडीचे दिवस निवडा. आदल्या रात्री हॉलचा हीटर भिंतीवरच्या स्विचवरून बंद ठेवा, म्हणजे विटा निवतील. त्या गरम असतील तर आतला थर्मोस्टॅट मध्येच वीज तोडतो आणि आकडा फसवा येतो. दुसऱ्या रात्री इनपुटची खुंटी (रात्री किती उष्णता साठवायची ते ठरवणारी) पूर्ण वर करा, बाकीचे दोन हीटर आणि पाणी तापवायचा इमर्शन हीटर बंद ठेवा, आणि मीटरवरचा रात्रीचा आकडा झोपताना व सकाळी टिपून घ्या. ३.४ गुणिले ७, म्हणजे २३.८ युनिटं पडायला हवीत. फ्रिजबिजचं एखादं युनिट वर. १८ च्या आसपास आली तर एक एलिमेंट गेलंय, १२ आली तर दोन. काहीच वाढ नसेल तर कटआउट (जास्त तापल्यास वीज तोडणारा सुरक्षा स्विच) किंवा टायमर बघायला इलेक्ट्रिशियन लागेल. एलिमेंट बदलणं मजुरीसकट दीडशे पौंडांत बसलं, तर तुमच्या पत्रातला निम्मा प्रश्न तिथेच मिटतो.

आकडा बरोबर आला तर आउटपुटच्या (साठलेली उष्णता किती सोडायची ते ठरवणाऱ्या) खुंटीकडे बघा. ती रात्री उघडी राहिली की झडप उघडी राहते आणि उष्णता तुम्ही झोपेत असताना निघून जाते. झोपताना ती १ या आकड्यावर ठेवा, संध्याकाळी घरी आल्यावर वाढवा. इनपुट उद्याच्या हवेप्रमाणे, आउटपुट आत्ताच्या गरजेप्रमाणे.

मीटरशेजारी रेडिओ टेलिस्विचचा (रेडिओ संकेतावर हीटर आणि दर चालू-बंद करणारा) जुना डबा आहे का, हेही बघा. लाँगवेव्हवरून चालणारी ती यंत्रणा ३० जून २०२५ पासून टप्प्याटप्प्याने बंद होऊ लागली. संकेत थांबला की हीटर रात्री चालूच न होणं किंवा भलत्या वेळी चालू होणं, दोन्ही घडू शकतं. डबा असेल तर आधी वीज कंपनीकडून मीटर बदलून घ्या.

हे सगळं करूनही हॉल गार पडत असेल तर फक्त हॉलचा हीटर बदला, आणि तोही ‘हाय हीट रिटेन्शन’ प्रकारचा. पूर्ण तापल्यावर २४ तासांनीही यात किमान ४५ टक्के उष्णता शिल्लक राहते, आणि पंखा ती हवी तेव्हाच बाहेर सोडतो. तुम्हाला मिळालेल्या दुसऱ्या अंदाजपत्रकात एकाचे १,१५० आणि तिन्हींचे ३,३०० पौंड आहेत. हॉलच्या एकामुळे दिवसाची ६५० युनिटं सुटतील, रात्रीची ३०० वाढतील. वर्षाला १६० पौंड हाती राहतील, साधारण सात वर्षांत वसूल. तिन्ही बदलले तर माझ्या अंदाजाने बचत २१७ वर जाते. म्हणजे उरलेल्या दोघांवरचे २,१५० पौंड वर्षाला जेमतेम ५७ मिळवून देतात. हे नको. तेवढे पैसे आयसामध्ये ४ टक्क्यांनी ८६ देतील, आणि मुद्दल शाबूत राहील.

चार वर्षांत फ्लॅट सोडणार असाल तर हॉलचाही खर्च पुरता वसूल होत नाही, ६४० पौंडच परत येतात. उरलेले पाचशे तुम्ही संध्याकाळच्या ऊबेसाठी देताय, असं समजून द्या. माझ्या मते ती किंमत वाईट नाही. बाकीचे दोन भाड्याने देण्याच्या वेळी, तेव्हाचं ईपीसी (घराच्या ऊर्जा-कार्यक्षमतेची श्रेणी सांगणारं) प्रमाणपत्र आणि घरमालकांसाठीचे नियम बघून ठरवा. आज इंग्लंडमध्ये भाड्याच्या घराला किमान ई श्रेणी लागते.

हीट पंप? बाहेरच्या हवेतली उष्णता घरातल्या हवेत आणणारा एअर-टू-एअर पंप विजेच्या एका युनिटमागे तीन युनिटं उष्णता देत असेल तर वर्षाला ३९० च्या घरात वाचतील, म्हणजे कागदावर सगळ्यात फायद्याचा तोच. पण बाहेरचा डबा भिंतीवर लावायला फ्रीहोल्डरची (इमारतीच्या मूळ मालकाची) लेखी परवानगी हवी. ती आधी मागा. मिळाली तर हॉलचा हीटरही थांबवा आणि पंपाचं अंदाजपत्रक घ्या.

हॉलचाच हीटर घ्यायचं ठरलं तर अंदाजपत्रकात वायरिंग वेगळं लिहून घ्या. जुन्याला फक्त रात्रीची लाइन असते. नव्याला पंख्यासाठी चोवीस तासांची दुसरी लाइनही लागते, आणि ही रक्कम बरेचदा काम सुरू झाल्यावरच पुढे येते. जुना काढणं आणि विटांची विल्हेवाट कोण लावणार, हेही लिहून घ्या. माणूस यायच्या दोन दिवस आधी हीटर बंद करा, नाहीतर विटा हात लावण्याजोग्या नसतात. हीटर सत्तरच्या दशकातला किंवा त्याआधीचा वाटत असेल तर झाकण उघडू देऊ नका. त्या काळच्या काही हीटरमध्ये ॲस्बेस्टॉस असे. मॉडेल नंबरवरून आधी खात्री करून घ्या.