आयकॉन १.६ : फिल्टर-एक्झॉस्टचं नंतर बघा, आधी थर्मोस्टॅट परत बसवा

प्रश्न असा आहे : २००२ ची फोर्ड आयकॉन १.६ घेतली आहे, दोन वर्षं उभीच होती. सोलापुरात घरच्या घरी रिस्टोअर करायची आहे. पॉवरसाठी कोणता एअर फिल्टर आणि एक्झॉस्ट टाकू? मेकॅनिकने थर्मोस्टॅट काढून टाकलाय, इथल्या उन्हात तो लागत नाही म्हणतो.

फिल्टर-एक्झॉस्टकडे येतो, पण तुमचं शेवटचं वाक्य वाचून आधी त्यावरच लिहावं लागतंय. हा सल्ला आपल्या गावात वर्षानुवर्षं दिला जातोय आणि त्यापायी चांगली चांगली इंजिनं भंगारात गेली आहेत.

थर्मोस्टॅट म्हणजे कूलंटच्या वाटेवरचा, तापल्यावर उघडणारा व्हॉल्व्ह. तो इंजिनाचं किमान तापमान धरून ठेवतो. कमाल तापमानाशी त्याचा संबंध नाही. ते रेडिएटर, फॅन, वॉटर पंप आणि प्रेशर कॅप यांच्या हातात असतं. पूर्ण उघडलेला, चालू स्थितीतला थर्मोस्टॅट गाडी तापवत नाही. तो काढल्यावर गाडी तापायची थांबली, तर एक तर तो अडकलेला होता, म्हणजे नवा टाकायला हवा होता, नाहीतर रेडिएटर चोंदलाय आणि तुम्ही दुखणं झाकलंत. झाकलेलं दुखणं मे महिन्यात वर येतं. हिशेब साधा आहे. कूलंट ९० अंशांवर आणि बाहेर ३० अंश असेल तर रेडिएटरला ६० अंशांचा फरक मिळतो. बाहेर ४४ झालं की ४६ च उरतो. तोच रेडिएटर, पण उष्णता टाकायची ताकद जवळपास चौथाईने कमी. जानेवारीत जे निभावलं ते हायवेवर एसी लावून तुळजापूरला निघालात की निभत नाही.

‘थर्मोस्टॅट नसला की पाणी फार जोरात पळतं, म्हणून थंड होत नाही’ असं थर्मोस्टॅटच्या बाजूचे लोक सांगतात, तेही चूक. खरं नुकसान वेगळं आहे. आयकॉनला फ्युएल इंजेक्शन आहे. टेंपरेचर सेन्सर इंजिन गार आहे असं सांगत राहिला की ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, जास्तीचं पेट्रोल सोडत राहतो. ते सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली चेंबरमध्ये, म्हणजे ऑइलच्या टाकीत उतरतं. ऑइल पातळ होतं, रिंगा झिजतात, मायलेज पडतं. गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीत हे सगळ्यात जास्त.

अशीच एक आयकॉन जुळे सोलापुरात उघडली गेली, तिचं सविस्तर सांगतो, कारण तुमच्या गाडीत हेच निघायची शक्यता आहे. थर्मोस्टॅट काढलेला, आणि कूलंटऐवजी बोअरचं पाणी. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे गॅरेजच्या पिंपात बोअरचंच असतं. ब्लॉकच्या, म्हणजे सिलिंडर असलेल्या भागाच्या बाजूचा वेल्च प्लग (ठोकून बसवलेलं पत्र्याचं बूच) काढला तर पाणी आलंच नाही. आत पांढरट-तांबूस चिखल घट्ट बसलेला. स्क्रूड्रायव्हर दोन बोटं आत रुतला आणि उभा राहिला. बंबात धरतो तसा क्षाराचा थर वॉटर जॅकेटला, म्हणजे सिलिंडरांभोवतीच्या पाण्याच्या पोकळीला सगळीकडून. आयकॉन १.६ च्या या रोकॅम इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आणि त्यावरचं झाकण, म्हणजे हेड, ॲल्युमिनियमचं. ॲल्युमिनियम बिडाच्या साधारण दुप्पट प्रसरण पावतं. क्षारामुळे एका कोपऱ्यात उष्णता साठली की हेड वाकतं आणि हेड-ब्लॉकच्या मधलं गॅस्केट दोन सिलिंडरांच्या मध्ये फुटतं. तसंच झालं होतं. तिसऱ्या आणि चौथ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, सोबतच पडलेलं. शेजारचे दोन एकदम पडले की पहिला संशय गॅस्केटवर घ्यायचा. या गाडीला मात्र त्याआधी रिंगा गेल्या म्हणून पूर्ण बोअरिंगचा खर्च सांगण्यात आला होता.

रेडिएटर समोरून स्वच्छ दिसत होता. एसीचा कंडेन्सर मोकळा करून पुढे ओढला, तेव्हा दोघांच्या मधल्या फटीत धूळ आणि ज्वारीच्या मळणीचा भुसा यांची गादीच निघाली. मळणीच्या दिवसांत मंगळवेढ्याकडून ये-जा करणाऱ्या गाडीत हे हमखास असतं. पाण्याचा बारीक फवारा इंजिनाच्या बाजूने पुढे मारायचा. प्रेशर वॉशर जवळून मारलात तर फिन्स आडव्या होतात.

आता तुमचा क्रम. दोन वर्षं उभी गाडी थेट स्टार्टर मारून उठवू नका. टाकीतलं जुनं पेट्रोल काढा, प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं इंजिन ऑइल सोडा, रात्रभर ठेवा, मग क्रँक पुलीला पाना लावून हाताने फिरवा. मोकळी फिरली तर पुढे. कॉम्प्रेशन घेताना चारही प्लग बाहेर, फ्युएल पंपाचा फ्यूज काढलेला, इग्निशन तोडलेलं, थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरी चार्ज. सगळ्यात चांगल्या आणि वाईट सिलिंडरमध्ये १५ टक्क्यांहून जास्त फरक नको. कमी आलेल्यात चमचाभर ऑइल टाकून परत मोजा. आकडा चढला तर रिंगा, नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट.

क्षार काढायला लिंबूसत, म्हणजे सायट्रिक ॲसिड. लिटरला ५० ग्रॅम. यावेळी मात्र थर्मोस्टॅट बाहेर ठेवा आणि हीटर पूर्ण गरमवर, म्हणजे हीटरचा कोअरही धुतला जाईल. इंजिन गरम करून १५-२० मिनिटं चालवा, गार होऊ द्या, काढा. पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा, शेवटचे दोन धुणे डिस्टिल्ड वॉटरचे. संडास साफ करायचं ॲसिड कोणी सुचवलं तर त्याच्या हातात गाडी देऊ नका. ते ॲल्युमिनियमचं हेड खातं. थर जुना असेल तर वेल्च प्लग काढून आतून खरवडावंच लागेल, लिंबूसत तिथे पुरत नाही.

नवा थर्मोस्टॅट बसवण्याआधी तपासा. दोऱ्याला बांधून पातेल्यातल्या पाण्यात सोडा, तळाला टेकू देऊ नका, शेजारी थर्मामीटर. त्याच्या अंगावर कोरलेल्या तापमानाच्या आसपास तो उघडायला लागला पाहिजे आणि आणखी दहा-पंधरा अंशांत पूर्ण. या इंजिनात थर्मोस्टॅटचं प्लास्टिक हाउसिंग तडकणं हा ठरलेला रोग आहे, त्यामुळे हाउसिंग, ओ-रिंग आणि एक्स्पान्शन टाकीची कॅप सोबतच बदला. कॅप दाब धरते म्हणून कूलंट १०० ला उकळत नाही. एक बार दाबाखाली साधं पाणीसुद्धा १२० अंशांच्या आसपास उकळतं.

कूलंट किती? डब्यावर अर्धं-अर्धं लिहिलेलं असतं, ते बर्फाच्या मुलखासाठी. कूलंटमधल्या ग्लायकॉलपेक्षा पाणी जास्त उष्णता वाहतं, म्हणून सोलापुरात ३५ ते ४० टक्के कॉन्सन्ट्रेट आणि बाकी डिस्टिल्ड वॉटर पुरे. एक तृतीयांशाच्या खाली मात्र जाऊ नका, गंज रोखणारी रसायनं कमी पडतात. भरताना गाडीचं तोंड चढावर, हीटर गरमवर, वरचा होज दाबत राहा. हीटरमधून गरम हवा आली की एअर निघाली समजा.

आता फिल्टर. बॉनेटच्या आत उघडा कोन फिल्टर लावू नका. तो इंजिनाची गरम हवा ओढतो. ४५ अंशांची हवा ७० ला गेली की घनता ७ टक्क्यांनी उतरते, आणि कोन फिल्टरने मिळणारं जे काही आहे ते त्यातच जातं. वाढतो तो फक्त आवाज. मूळ एअरबॉक्स आणि बाहेरून हवा घेणारा पाइप ठेवा, फक्त फिल्टर नवा टाका. एक्झॉस्टला ४-२-१ हेडर, म्हणजे इंजिनाचे चार पाइप आधी दोनात आणि मग एकात जोडणारा, आणि २ इंचांचा पाइप. १.६ ला याहून मोठा घातलात तर खालचा टॉर्क जाईल. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि ऑक्सिजन सेन्सर जागेवर ठेवा. मँड्रेल बेंड, म्हणजे आतून न चेपता वाकवलेले पाइप, पुण्याहून मागवा, वेल्डिंग आणि हेड फेसिंग (हेड घासून सपाट करणं) इथे होतं. फेसिंगला देण्याआधी सरळ पट्टी ठेवून ०.०५ मिमीचा फीलर, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, खाली सरकतो का, हे स्वतः बघा. मॅन्युअलमध्ये हेडचे बोल्ट अंशांत फिरवायला सांगितले असतील तर जुने परत वापरायचे नाहीत.

राहिलेलं. आताचं पेट्रोल ई२० आहे. २००२ चे रबरी फ्युएल होज त्यासाठी बनलेले नाहीत, इथेनॉल सोसणारे घाला. टायरवर आठवडा आणि वर्ष असा चार आकडी कोड असतो, सहा वर्षांवरचे टायर नक्षी शिल्लक असली तरी काढा. कूलंट गोडसर आणि विषारी असतं, उघड्यावर ओतू नका, कुत्री चाटतात. १५ वर्षांनंतर आरसीचं नूतनीकरण ५-५ वर्षांचं असतं, तेव्हा आरटीओत गाडी दाखवावी लागते. सायलेन्सर आवाजी असेल तर तिथेच अडकाल. तुमच्या गाडीत आधीपासून कूलंटच असेल आणि ब्लॉक स्वच्छ निघाला तर लिंबूसताची भानगड करू नका, थर्मोस्टॅट बसवा आणि पुढे जा.

कॉम्प्रेशनचे चारही आकडे आणि काढलेल्या पाण्याचा रंग खाली लिहा. हेडर घ्यायचा की आधी हेड उतरवायचं, हे त्यावरून सांगतो.