चिऊ, तू विचारलंस ना, सावित्रीबाईंना हार का?

चिऊ,

शनिवारी टोपेकाहून परत येताना तू गाडीत विचारलंस, आपण ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या फोटोला हार का घालतो, त्या देव पण नाहीत आणि आपल्या नात्यातल्या पण नाहीत. मी ड्राईव्ह करत होते म्हणून घरी गेल्यावर सांगते म्हटलं आणि मग राहूनच गेलं. आता लिहितेय, सावकाश वाच.

आधी आपण टोपेकात बघितलेली ती मोनरो शाळा आठव. लाल विटांची, १९२६ची इमारत, तू म्हणालीस की आई ही तर मस्त शाळा आहे, मग लोक कोर्टात का गेले? बरोबर विचारलंस. टोपेकात काळ्या मुलांसाठी चार प्राथमिक शाळा होत्या, मोनरो त्यातली एक. टोपेका ज्या राज्यात आहे त्या कॅन्ससमध्ये १८७९चा कायदा होता, मोठ्या शहरांना प्राथमिक शाळा वेगळ्या ठेवायची मुभा होती. शिक्षक सगळे काळे, चांगले शिकलेले, मुलांवर जीव लावणारे. लिंडा ब्राऊनला तिथल्या बाई आवडायच्या. पण तिच्या घरापासून सात ब्लॉकवर समनर शाळा होती आणि ती फक्त गोऱ्यांची, म्हणून ही तुझ्यापेक्षा लहान पोरगी रोज रेल्वे यार्डमधून चालत बस पकडायला जायची, थंडीत पण. तिचे बाबा ऑलिव्हर, रेल्वेत वेल्डर होते, ते १९५०मध्ये तिचा हात धरून समनरला घेऊन गेले आणि शाळेने नाही म्हटलं. मग असेच १३ पालक एकत्र आले, २० मुलांसाठी, आणि टोपेकाच्या शाळा बोर्डावर केस केली.

आणि मला हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते, की खालचं कोर्ट १९५१मध्ये म्हणालं की इमारती, शिक्षक वगैरे जवळपास सारखेच आहेत, तरीपण वेगळं बसवल्याने मुलांच्या मनावर परिणाम होतो. म्हणजे बाकडी चांगली असली तरी "तू इथे नाही, तिकडे" हे बोलणंच वाईट. १७ मे १९५४ला सुप्रीम कोर्टाच्या नऊच्या नऊ जजनी तेच सांगितलं. पण त्याआधीच, १९५३मध्ये, टोपेकातल्या काही काळ्या शिक्षिकांना पत्रं गेली की पुढच्या वर्षी तुमची नोकरी राहणार नाही, कारण गोऱ्या मुलांना काळ्या बाईंनी शिकवलेलं लोकांना चालणार नाही. हे वाचताना माझ्या डोळ्यात पाणी आलं होतं, तुला दिसलं असेल.

आता सावित्रीबाई. १८४८मध्ये त्यांनी आणि जोतीरावांनी पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली, शाळेत जाताना लोक शेण मारायचे म्हणून त्या जास्तीचं लुगडं सोबत न्यायच्या. पुढे महार, मांग मुलांसाठी पण शाळा काढल्या. त्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवेने १८५५मध्ये आपल्या लोकांच्या हालांवर निबंध लिहिला, तो छापून आला होता. आणि १८७३मध्ये जोतीरावांनी 'गुलामगिरी' लिहिलं ते अर्पण केलं अमेरिकेतल्या, इथल्या, गुलामी संपवणाऱ्या लोकांना! पुण्यात बसून त्यांना इकडचं सगळं माहीत होतं.

बाबासाहेब शाळेत गोणपाटावर वेगळे बसायचे हे तुला आजीने सांगितलंय. तुझे पणजोबा पण वर्गाबाहेर पायरीवर बसून शिकले, गुरुजी पाटी लांबून बघायचे, हातात घ्यायचे नाहीत. हे मी तुला आतापर्यंत सांगितलं नव्हतं कारण मला वाटायचं तू लहान आहेस, पण लिंडा पण लहानच होती ना.

पणजोबांची सही असलेला एक कागद आजीकडे जपून ठेवलाय. रविवारी कॉलवर तिला दाखवायला सांगते.

आई