इलेक्टिव्हचा फॉर्म भरायच्या आधी

बाय,

तुझी इलेक्टिव्हची, म्हणजे आपण निवडायच्या विषयांची, लिस्ट बघितली. बारा नावं, त्यातल्या सातांवर खूण, तीन खूण करून परत खोडलेली, आणि खाली ‘मावशी, स्कोरिंग कुठलं गं?’ वाचून आधी चिडले. मग रात्री झोप येईना, कारण २००३ मध्ये मी डिट्टो हेच केलं होतं, फक्त तेव्हा ते वहीच्या मागच्या पानावर होतं.

स्कोरिंगचं मला विचारू नकोस. मी एकच बघते, माल अडतो कुठे? हा प्रश्न ज्या इलेक्टिव्हमध्ये येतो ते घे, नसेल येत तर नाव कितीही भारी असू दे, ‘लक्झरी’ असू दे नाहीतर ‘स्ट्रॅटेजिक’, सोड.

आणि तू नेमकं सेल्स अँड डिस्ट्रिब्युशन खोडलंयस. कारण लिहिलं नाहीस पण मला कळतं ना, सकाळचा स्लॉट, सर कडक, वर फील्डवर्क, दुकानं मोजत फिरा. माझीही हीच कारणं होती, शिवाय आईचं ‘उन्हात बाजार फिरायला एवढं शिकवलं काय तुला’ होतंच. मी ब्रँड मॅनेजमेंट घेतलं, अ‍ॅडव्हर्टायझिंग घेतलं, मार्क पण मस्त पडले. नोकरी लागली ती सेल्समध्ये. बिस्किटं.

२०१२ चं तुला आठवत असेल, दहा वर्षांची असशील, तुझ्या बाबांचा खाणीवरचा ट्रक अंगणात उभा राहिला ते. सप्टेंबरात गोवा सरकारने लोहखनिजाच्या खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टाचा आदेश आला. तेव्हा डिचोली, साखळी, होंडा, वाळपई ही लाइन माझ्याकडे होती. पावसात ट्रक तसेही बंदच असतात, चतुर्थी झाली की सुरू होतात, आणि ट्रक सुरू झाले की रस्त्यावरच्या प्रत्येक चहाच्या गाड्यावर बिस्किटाचे पुडे उडतात, हे आमचं दरवर्षीचं गणित. सप्टेंबर म्हणजे सहामाही क्लोजिंग. मी डिचोलीच्या स्टॉकिस्टला, म्हणजे कंपनीचा माल घेऊन दुकानांना पुरवणाऱ्याला, चार लाखांचा जास्तीचा माल घातला. तो म्हणाला, ‘मॅडम, ट्रक चालतील असं वाटत नाही.’ मी म्हटलं, आठ-पंधरा दिवसांत सुटेल सगळं.

सहा महिन्यांची मुदत असते गं बिस्किटांना.

माझं टार्गेट झालं, पणजीच्या मीटिंगमध्ये टाळ्या पण मिळाल्या. कागदावर माल विकला गेला होता, प्रत्यक्षात तो एका माणसाच्या गोडाऊनात छपरापर्यंत रचलेला होता. कंपनीच्या लेखी प्राइमरी, म्हणजे स्टॉकिस्टला घातलेला माल, हाच सेल; सेकंडरी, म्हणजे त्याच्याकडून दुकानांत गेलेला, कोण विचारतो. मार्चमध्ये एक्स्पायरीचा क्लेम, म्हणजे मुदत संपलेल्या मालाची भरपाई, लावला तर कंपनीने अर्धाच पास केला.

आता हे गणित बघ, एका पानाचं आहे पण मला ते नऊ वर्षं नोकरी करून कळलं. धर, स्टॉकिस्टचे आठ लाख अडकलेत, माल आणि दुकानदारांची उधारी मिळून. महिन्याला दहा लाख विकतो, मार्जिन ५ टक्के, म्हणजे पन्नास हजार. टेम्पो, दोन पोरं, गोडाऊनचं भाडं, चौतीस हजार गेले. राहिले सोळा, आठ लाखांवर महिन्याला २ टक्के, वर्षाला २४. बरं चाललंय. त्यात मी चार लाख कोंबले की तेच सोळा हजार बारा लाखांवर, म्हणजे वर्षाला १६ टक्के. आणि विक्री सहा लाखांवर आली की मार्जिन तीस, खर्च तोच चौतीस, म्हणजे दर महिन्याला चार हजार खिशातून. हे मला येत असतं तर मी माल घातला नसता. घातला नसता असं मी स्वतःला सांगते निदान. सगळेच घालत होते, माझ्या आधीच्यानेही घातला असता, आणि खाणी इतक्या लांबतील हे मोठमोठ्यांना कळलं नाही तर मला कुठून कळणार? असो. त्या स्टॉकिस्टला कळून चुकलं होतं, एवढं खरं.

डिजिटल मार्केटिंगचं म्हणशील तर ते नको असं नाही माझं. पण ते घरी बसून येतं. तुझ्या मामाच्या होमस्टेसाठी पाचशे रुपयांची जाहिरात टाक, क्लिक किती, फोन किती, बुकिंग किती ते लिहून काढ. क्लिक शंभर आणि बुकिंग शून्य असेल तर अडलं कुठे, फोटोत, रेटमध्ये की मामा फोन उचलत नाही त्यात? (मामा उचलत नाही, मला माहितीये.)

सर्व्हिसेस मार्केटिंग मात्र घे, गोव्यात राहून ते न घेणं म्हणजे समुद्राकाठी राहून मासे न खाणं. बूम्स आणि बिटनर या दोघांनी १९८१ मध्ये मार्केटिंगच्या चार पींना (प्रॉडक्ट, प्राइस, प्लेस, प्रमोशन) अजून तीन जोडले, माणसं, प्रोसेस आणि डोळ्यांना दिसणारा पुरावा, ते पाठ करशीलच. पण तिथेही बघ, हॉटेलची आजची रिकामी रूम उद्या विकता येत नाही, गोडाऊनच नाही तिला. माझी बिस्किटं निदान सहा महिने तरी टिकली.

आणि ब्रँडच घ्यायचं असेल तर प्रोजेक्टला फेणी घे. २००९ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, नाव आहे, गोष्ट आहे, पर्यटक आहेत, ब्रँडवाल्याला अजून काय पाहिजे? पण कायद्यात ती वर्षानुवर्षं देशी दारू, म्हणून राज्याबाहेर न्यायची पंचाईत. २०१६ मध्ये गोवा सरकारने तिला वारसा पेय केलं, तरी प्रत्येक राज्याचा अबकारी कायदा वेगळा, ड्युटी वेगळी, लेबलची नोंदणी वेगळी. बाटली कितीही सुंदर कर, माल नाक्यावरच अडणार. हे तुला ब्रँडच्या वर्गात कोण सांगणार?

निगोशिएशन घे की नको, तुझं तू बघ. मैत्रिणी घेतायत म्हणून कन्झ्युमर बिहेविअर घेणार असशील तर त्यापेक्षा मार्केटिंग रिसर्च घे, प्रश्नावली नीट करता आली तर आयुष्यभर पुरते.

तुझं अ‍ॅड-ड्रॉप, म्हणजे विषय बदलायची मुदत, चालू आहे तोवर एक कर. येत्या शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला मी येते, तू सकाळी साडेसातला ये, आठला नको. मसाल्यांच्या ओळीतल्या तीन दुकानदारांना विचारायचं, कुठला माल पडून आहे आणि कोणी घातला. वही आण. मोबाइलवर टाइप करायला लागलीस की ते बोलायचे थांबतात.

डिचोलीचा तो स्टॉकिस्ट आता हार्डवेअरचं दुकान चालवतो. मी अजून त्या रस्त्याने जाताना गाडी थांबवलेली नाही. तू सोबत असशील तर परतताना थांबू कदाचित.

मावशी