केंद्राचा कायदा आहेच, मग राज्याचे नियम सैल झाले तर काय बिघडतं?

वेस्ट व्हर्जिनियासारख्या राज्यानं कोळसा खाणी आणि वॉशरी (कोळसा धुण्याचे कारखाने) यांवरचे नियम ढिले केले तरी अमेरिकेचा केंद्रीय कायदा आहेच, मग एवढा विरोध कशाला, असं तुम्ही विचारलंय. प्रश्न रास्त आहे. पण केंद्राचा माणूस जागेवर जाऊन सगळं बघतो, असं तुम्ही धरून चाललात. कामगारांच्या सुरक्षेपुरतं ते खरं आहे, त्यासाठी केंद्राचे निरीक्षक खाणीत उतरतात. जमीन, पाणी, कोळसा धुतल्यावर उरणारा गाळ अडवणारे बंधारे यांचं तसं नाही. १९७७ च्या खाणकाम कायद्यानं ही अंमलबजावणी राज्यांकडे सोपवायची सोय केली आणि कोळशाच्या बहुतेक राज्यांनी ती आपल्याकडे घेतली. परवाना राज्य देतं, पाहणी राज्य करतं, दंडही राज्यच लावतं. केंद्राला काही खटकलं तर बहुतेक वेळा आधी राज्याला नोटीस जाते आणि उत्तरासाठी दहा दिवस मिळतात. घाण पाणी दहा दिवस थांबत नाही.

९ जानेवारी २०१४ चा दिवस बघा. वेस्ट व्हर्जिनियाच्या राजधानीत, चार्ल्सटनमध्ये, एल्क नदीकाठच्या लोकांनी ज्येष्ठमधासारखा वास येतोय म्हणून तक्रार केली. राज्याचे निरीक्षक वासाचा माग काढत एका टाकीपाशी पोचले. कोळसा धुताना वापरायचं रसायन टाकीतून गळून नदीकडे चाललं होतं, आणि ते अडवायला कंपनीनं काय ठेवलं होतं, तर सिमेंटचा एक ब्लॉक आणि शोषक पावडरीची एक पिशवी! शहराला पाणी पुरवणारी उपसा जागा तिथून जेमतेम अडीच किलोमीटर खाली. सुमारे ३ लाख लोकांना नळाचं पाणी पिऊ नका, त्यात स्वयंपाक करू नका, अंघोळही करू नका, असं सांगावं लागलं. या टाक्यांची नियमित तपासणी का होत नव्हती? तिथं रसायन बनत नव्हतं, नुसतं साठवलं जात होतं, म्हणून. त्याच वर्षी राज्यानं टाक्यांसाठी कडक कायदा केला, आणि पुढच्याच वर्षी, २०१५ मध्ये, असंख्य टाक्या त्यातून वगळल्या. मला आजही याचा संताप येतो.

कंपन्या आपली काळजी आपण घेतात, हा युक्तिवाद मी तरी मानत नाही. ५ एप्रिल २०१० ला वेस्ट व्हर्जिनियातल्याच अपर बिग ब्रांच कोळसा खाणीत स्फोट होऊन २९ कामगार गेले. तपासात निघालं की निरीक्षक फाटकाशी आला की पहारेकरी रेडिओवरून आत वर्दी द्यायचे. धोक्याच्या काही नोंदी सरकारला दाखवायच्या वहीत नसायच्याच, त्या वेगळ्या वहीत जायच्या. हे घडून सात वर्षं होतात न होतात तोच, २०१७ मध्ये, त्याच राज्यात विधेयक आलं की राज्याच्या निरीक्षकांनी दंड करण्याऐवजी खाणमालकांना समजावून सांगावं. ते पुढे बारगळलं.

राहिला रोजगाराचा मुद्दा. तिथल्या नोकऱ्या मुख्यतः यंत्रांनी आणि स्वस्त नैसर्गिक वायूनं नेल्या. नियम मोडीत काढून त्या परत येणार नाहीत.

आणि भरपाईच्या भरवशावर तर अजिबात राहू नका. २६ फेब्रुवारी १९७२ ला याच राज्यात बफेलो क्रीक या ओढ्यावरचा कोळशाच्या गाळाचा बंधारा फुटला, १२५ माणसं मेली. कंपनीनं त्याला देवाची करणी म्हटलं. राज्यानं १० कोटी डॉलरचा दावा लावला, आणि गव्हर्नरनं पायउतार होण्याच्या तोंडावर तो १० लाखांत मिटवला.

तेव्हा पुढचं विधेयक येईल त्यात आधी व्याख्या आणि अपवाद वाचा. कुठली टाकी, कुठला बंधारा, कुठली वॉशरी नियमाबाहेर जाते, ते तिथंच दडवलेलं असतं. सुनावणीत नेमकं त्यावर बोट ठेवा. खाणीजवळ राहत असाल तर लेखी तक्रार करा. तुमच्या तक्रारीवरून पाहणी झाली, तर निरीक्षकाबरोबर जागेवर जायचा हक्क तुम्हाला केंद्रीय कायद्यानं दिलाय. तो जरूर वापरा.