चित्रगोष्टीचं पुस्तक करायचंय? आधी डमी बनव

गोष्ट लिहून झाली, आता चित्रं कुठून सुरू करू म्हणून विचारून राह्यला ना तू, तर रंग सध्या बाजूलाच ठेव. ए-फोरचे आठ कागद घे, मधून दुमड, एकात एक घाल, झाली 32 पानांची डमी, म्हणजे पुस्तकाचा कच्चा नमुना. बरीचशी चित्रपुस्तकं 32 पानांचीच असतात, कारण छापायचा मोठा कागद घड्या घालून कापतात अन् त्यात हा हिशेब नीट बसतो.

आता पेन्सिलीनं कच्चं काढत जा, अन् मधल्या घडीवर कोणाचा चेहरा येऊ देऊ नको, शिवणीत नाक-डोळे गडप होतात. पान उलटताना पोराला काहीतरी नवं सापडलं पाहिजे, हे सगळ्यात महत्त्वाचं. एरिक कार्लचं सुरवंटाचं पुस्तक 'द व्हेरी हंग्री कॅटरपिलर' पाह्य, 1969 चं आहे, त्यात सुरवंटानं खाल्लेल्या फळांना खरीच भोकं आहेत, पोरं त्यात बोट घातल्याशिवाय पुढे सरकतच नाहीत!

माधुरी पुरंदरे तर वाचच. त्या लिहितातही स्वतः अन् चित्रंही स्वतःच काढतात, त्यांच्या 'राधाचं घर' या पुस्तकमालेत घरातल्या एकेका माणसावर पुस्तक आहे. मजकूर थोडासाच, बाकी चित्रांतून कळतं. तुझ्या गोष्टीत 'आजी हसली' लिहिलंय अन् चित्रातही आजी हसूनच राह्यली, मग ते वाक्य काढून टाक ना.

डमी झाली की मोहल्ल्यातल्या एखाद्या पाच वर्षांच्या पोराला वाचून दाखव, ते जिथे चुळबुळ करेल तिथे खूण कर. मग घेऊन ये माझ्याकडे धरमपेठेत, बसू दोघं.