सर्टिफिकेट आलं, बैठक तशीच

मदतकार्य आणि स्वयंसेवी संस्थांमध्ये काम करणाऱ्या वाचकांनी ऑनलाइन नेतृत्व-प्रशिक्षणाबद्दल विचारलेले काही प्रश्न.

प्रश्न : मी संस्थेत समन्वयक आहे. वर्षभरात नेतृत्वाचे तीन मोफत कोर्स पूर्ण केले. सर्टिफिकेटं आहेत, पण सहकाऱ्यांशी बोलण्यात काडीचा फरक पडलेला नाही. चुकतं कुठे?

तिन्ही कोर्स बहुधा एकट्याने बघायचे असतील : व्हिडिओ, चार पर्यायांचे प्रश्न, शेवटी सर्टिफिकेट. या पद्धतीने माहिती चांगली शिकता येते. मानवता, निःपक्षपातीपणा, तटस्थता आणि स्वातंत्र्य ही मदतकार्याची चार तत्त्वं समजून घ्यायला तेवढं पुरतं. पण कामात दिरंगाई करणाऱ्या सहकाऱ्याशी कसं बोलायचं, हे पर्याय 'क' निवडून अंगवळणी पडत नाही.

यापुढे एका मॉड्यूलमधून एकच गोष्ट उचला आणि सात दिवसांच्या आत खऱ्या कामात वापरा. फीडबॅकचंच घ्या. प्रसंग, वर्तन, परिणाम हा क्रम अनेक कोर्समध्ये शिकवतात. "तू बेजबाबदार आहेस" हा झाला शेरा. "सोमवारच्या वाटपाची यादी नऊला हवी होती, साडेदहाला आली, तोवर लोक उन्हात रांगेत उभे होते" हा फीडबॅक. वाक्य आधी कागदावर लिहा, एकदा मोठ्याने म्हणून पाहा, मग त्या सहकाऱ्याला बाजूला घेऊन बोला. 'नेहमी' आणि 'कधीच' हे शब्द आले असतील तर खोडा. ते ऐकलं की समोरचा अपवाद शोधायला लागतो आणि यादीचा विषय बाजूला राहतो.

प्रश्न : इतके कोर्स आहेत. निवडायचा कसा?

पायाभूत विषयांसाठी पैसे मोजू नका. ह्युमॅनिटेरियन लीडरशिप अकॅडमीचं 'काया' आणि 'डिझास्टररेडी' या दोन्ही शिकवणाऱ्या वेबसाइटवर भरपूर कोर्स मोफत आहेत. पैसे भरायचेच असतील तर आधी तीन गोष्टी विचारून घ्या : थेट सत्रं किती, एका गटात माणसं किती, आणि तुमचं लिखाण वाचून उत्तर कोण देणार. गट पाच-सहा जणांचा असेल तर प्रत्येकाला बोलावंच लागतं. तीस जणांच्या खोलीत कॅमेरा बंद करून ईमेल उरकता येतात, आणि लोक उरकतातही. 'आठवड्याला दोन तास' असं लिहिलेलं असेल तर चार धरा. जाहिरातीत बहुतेकदा व्हिडिओचाच वेळ मोजलेला असतो.

प्रश्न : आम्हाला आमच्याच टीमसाठी ऑनलाइन सराव-प्रसंग घ्यायचा आहे. मागच्या वेळी त्याची नुसती प्रश्नमंजुषा झाली.

प्रसंगाला एकच बरोबर उत्तर असलं की प्रश्नमंजुषाच होते. असा प्रसंग घेऊन बघा. 2,000 माणसांची छावणी. 'स्फिअर' म्हणजे मदतकार्यातल्या किमान सोयींची जगभर वापरली जाणारी मानकं. त्यांच्याप्रमाणे माणशी दिवसाला किमान 15 लिटर, म्हणजे 30,000 लिटर पाणी हवं. सकाळी निरोप येतो : आज टँकरने 18,000 लिटरच येणार. माणशी नऊ लिटर. एका नळामागे जास्तीत जास्त 250 माणसं या हिशेबाने आठ नळ हवेत, चालू आहेत सहा.

हा हिशेब दोन मिनिटांत होतो, त्याचं कौतुक करत बसू नका. खरा प्रश्न त्यानंतरचा : छावणीच्या समितीला कधी सांगायचं, टँकर यायच्या आधी की नंतर? दवाखान्याचं पाणी कापायचं का? निर्णय कोणाच्या नावाने जाहीर होणार? निर्णयाला 20 मिनिटं द्या. मध्येच, दहाव्या मिनिटाला, निरोप पाठवा : 'एका भागाचं पाणी मुद्दाम तोडलं' अशी अफवा उठली आहे. पंचविसाव्या मिनिटाला देणगीदार आकडे मागतो. पस्तिसाव्या मिनिटाला पाण्याचं काम बघणारी व्यक्ती ठरल्याप्रमाणे गप्प होते, जणू फोन लागतच नाही. बाकीचे तिची वाट बघत बसतात की जबाबदारी कोणी उचलतं, ते तिथेच दिसतं.

खेळणारे पाच-सहा, निरोप पाठवणारा एक, आणि न बोलता नोंदी घेणारा एक. नोंद शब्दशः हवी : 'गोंधळ झाला' असं नाही, तर '12व्या मिनिटाला दोघांनी समितीला वेगवेगळे आकडे सांगितले'.

45 मिनिटांच्या सरावानंतर निदान तेवढाच वेळ उजळणीला ठेवा. काय व्हायला हवं होतं, काय झालं, फरक का पडला, पुढच्या वेळी काय बदलायचं : एवढे चार प्रश्न पुरेत. सराव लांबला की कात्री उजळणीलाच लागते, म्हणून घड्याळ बघून सराव अर्ध्यावर तोडलेला परवडतो. आणखी दोन चुका हमखास होतात. निरोप इतके येतात की सगळे नुसते टाइप करत राहतात, चर्चा होतच नाही. तासाला तीन-चार बस्स. दुसरी, साहेबच सरावातही साहेब होतात. प्रमुखाची भूमिका ज्युनिअर कार्यकर्त्याला द्या आणि साहेबांना आकडे मागणारा देणगीदार करा. (ती भूमिका त्यांना सहसा छान जमते.) कोणी नुकतंच खऱ्या आपत्तीतून परतलं असेल तर त्या व्यक्तीला कारण न विचारता बाहेर बसू द्या.

प्रश्न : फील्डवरच्या निम्म्या लोकांचं नेटवर्क सत्रात तुटतं. मग ते येणंच बंद करतात.

तासभर व्हिडिओ चालू ठेवला तर साधारण 1 जीबी डेटा जातो. नुसत्या आवाजाला 100 एमबीच्या आसपास पुरतात. सुरुवातीची दोन मिनिटं चेहरे दिसू द्या, मग सगळ्यांचेच कॅमेरे बंद. फक्त फील्डवाल्यांचे बंद ठेवले की ते दुय्यम ठरतात. स्लाइड दोन दिवस आधी हलक्या पीडीएफमध्ये पाठवा आणि बोलताना पानाचा क्रमांक सांगा. प्रत्येक गटात एक जोडीदार ठरवा : लाइन तुटली की त्याने साधा फोन लावून स्पीकरवर ठेवायचा. रेकॉर्डिंगवर मात्र भिस्त नको. दीड तासाचं रेकॉर्डिंग मागाहून क्वचितच कोणी बघतं. पाच मिनिटांचा व्हॉइस मेसेज ऐकतात.

प्रश्न : वरिष्ठ म्हणतात, शिका, पण कामाच्या वेळात नाही.

'प्रशिक्षणासाठी वेळ हवा' असं मागितलं की नकार येतो. नेमकं मागा : सहा आठवडे, दर बुधवारी दोन ते चार, त्या वेळी फोन कोण घेणार त्याचं नाव, आणि तुम्ही कामातली कोणती गोष्ट बदलून दाखवणार. उदाहरणार्थ, साप्ताहिक बैठक 90 मिनिटांवरून 45वर आणणं. तिसऱ्या आठवड्यात वरिष्ठांनाच त्या बैठकीला बोलवा.

प्रश्न : नोकरीच्या मुलाखतीत या सर्टिफिकेटांना किंमत असते का?

अर्जांच्या पहिल्या चाळणीत थोडी. मुलाखतीत विचारतात : हाताखालच्या माणसाशी मतभेद झाले तेव्हा काय केलंत? त्याच्या उत्तरासाठी वर सांगितलेले सोमवारच्या यादीसारखे दोन-तीन प्रसंग तारखेसह वहीत लिहून ठेवा.